राईतली काठी

स्वराज,

गाढ झोपलायस, म्हणून उठवलं न्हाई. पुण्याच्या कलकलाटातनं दोन दिस सुटून आलास, काल देवाच्या राईत पोटभर हिंडलास, लई बरं वाटलं. पण उतरताना टेकायला घेतलेली काठी पार घरात आणलीस? राईतलं वाळकं पानबी भायेर काढत न्हाईत, बाबा. सांगायचं मीच इसरले.

तुझ्या काकांनी असाच कुऱ्हाडीला दांडा आणला व्हता. दुसऱ्या दिशी भर दुपारी दारात कुणीतरी इचारलं, "दांडा कुणी आणला?" "मी," म्हणत काका भायेर गेले, ते आजून आले न्हाईत.

काठी परत ठेवाया चाललेय. भाकरी टोपल्यात हाय. माझी वाट न बघता बाराच्या आत यष्टी धर. त्याआधी दारात कुणी इचारलं, तर काकीनं आणली म्हण.

साळूकाकी