रविवारी नागपूरले जातो

गडचिरोली, जुलै २००४

सौ. सुगंधास,
मुखरूचे आशीर्वाद. माझी तब्येत ठीक आहे, गुडघाही दुखत नाई.

ऑफिसचा सर्व्हर, म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर साऱ्यांचं टपाल येतं तो, वरचेवर बंद पडून राह्यला. साहेब म्हणाले, "मुखरूजी, जमत नसेल तर नागपूरचा माणूस ठेवतो." म्हणून इंटरनेटवर सर्व्हरवाल्यांचा एक गट आहे, तिथे विचारलं. आधी सर्वांना नमस्कार, मग इकडचा पाऊस, धानाची रोवणी, त्यांच्या घरची विचारपूस, अन् मग अडचण नीट मांडली. एका पोट्ट्याने लिहिलं, "काका, लग्नपत्रिका पाठवली का? आधी सर्व्हरचं पुस्तक वाचा." बाकीचे हसले. अडचणीबद्दल एक अक्षर नाई.

माझा राग अजून उतरला नाई. कोणाच्या दारात गेल्यावर खुशाली न विचारता काम सांगतात का? अन् पुस्तक वाचूनच विचारलं होतं. कोणत्या पानावर अडलो तेही लिहिलं होतं.

त्याच गटाची रविवारी नागपुरात बैठक आहे. मी जातो. त्या पोट्ट्यासमोर बसतो अन् करून दाखव म्हणतो. तो पुन्हा हसला तरी शिकल्याशिवाय उठत नाई. नोकरीची चिंता तू करू नको.

जया पोरीचा खोकला गेला का? मागच्या खोलीत पाणी गळत नाई ना?

या रविवारी घरी येणं होणार नाई. आपल्या धनराजले खरं सांगू नको. मले कोणीच शिकवलं नाई, सारं माझं मीच शिकलो, असं मी त्या लहान भावाले जन्मभर ऐकवलं आहे. ऑफिसचं काम निघालं म्हण.

तुझा,
मुखरू