परवडलेल्या गाण्यांची वाटणी

"गाणं विकत घेणं आपल्याला परवडत नाही, पण गप्प बसणं परवडतं." हे वाक्य माझे वडील म्हणाले होते. ते शिंपी होते. तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि धाकटी सात. माझी जी काही मालमत्ता आहे ती त्या वाक्यापासून सुरू होते, म्हणून हा कागदही तिथूनच सुरू करते.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तेचाळीस, व्यवसाय मुद्रितशोधन, म्हणजे पुस्तकं छापली जाण्याआधी दुसऱ्यांच्या चुका खोडणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. नवऱ्याचं मत वेगळं आहे, पण ते लेखी दे म्हटल्यावर तो चहा टाकायला उठला. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरांच्या मते हे त्यांच्या डाव्या हातचं काम. असेलही. पण डाव्या हातच्या कामांतल्या चुका निस्तरण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत, तेव्हा कागद केलेला बरा. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

एक. घर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर नवऱ्याला. अट एकच: स्वयंपाकघरातला रेडिओ फळीच्या डाव्या टोकावरून हलवू नये. त्याची एरियल मोडली तेव्हापासून तिच्या जागी चमचा खोवलेला आहे, आणि चमच्याचं तोंड खिडकीकडे असेल तरच स्टेशन नीट लागतं. पाहुणे येणार म्हणून नवऱ्याने हा चमचा दोनदा घासून ड्रॉवरमध्ये ठेवलेला आहे. तिसऱ्यांदा ठेवल्यास घर त्याच्याकडून काढून घ्यावं, असं मी लिहिलं होतं. वकीलसाहेबांनी ते वाक्य काढायला लावलं. रेडिओइतकं स्वस्त संगीत दुसरं नाही. तुम्ही काय ऐकायचं ते दुसरा कुणीतरी ठरवतो, एवढंच त्याचं मोल. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या माणसाला ते जड जाऊ नये.

दोन. बँकेत जे असेल ते नवरा आणि भाची यांना निम्मं निम्मं. भाची म्हणजे धाकटीची मुलगी. वय वीस, दातांची डॉक्टर व्हायला निघाली आहे. दर रविवारी येते आणि माझ्या फळीवरच्या रेकॉर्डी चाळत बसते. पासबुक कुठे आहे ते तिला माहीत आहे. नवऱ्याला माहीत नाही, आणि मी असेपर्यंत तसंच राहू द्यावं.

तीन. रेकॉर्ड प्लेअर आणि सगळ्या रेकॉर्डी भाचीला. या रेकॉर्डी मी दुकानातून घेतलेल्या नाहीत. रद्दीवाल्याकडून किलोवर घेतल्या आहेत, क्वचित कुणाच्या घराची आवराआवर चालली असताना जिन्यावरून उचलल्या आहेत. तिच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवते. रेकॉर्ड घेताना वरचं कव्हर बघायचं नाही, सुंदर कव्हरात बहुधा कुणीतरी वाजवून वाजवून झिजवलेली रेकॉर्ड असते. खिडकीपाशी नेऊन तिरपी धरायची. केसासारखे ओरखडे चालतात, नख अडकलं तर परत ठेवायची. भांड्याच्या साबणाचा एक थेंब, कोमट पाणी, मऊ फडकं, मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही, आणि ताटाळ्यात उभी करून वाळवायची. नवरा जेवायला ताट काढायला जातो आणि रेकॉर्ड हातात येते. त्याची तक्रार दुर्लक्षित करावी. पैसे खर्च करायचेच असतील तर मशीनवर करू नयेत, सुईवर करावेत. चांगल्या सुईखाली साधं मशीनही शहाण्यासारखं वागतं.

चार. आमच्या कचेरीतल्या मुख्य मुद्रितशोधकांना सीडीची एक रिकामी डबी. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडून एक सीडी ऐकायला नेली आणि आठ दिवसांनी डबी परत केली. फक्त डबी. मी विचारलं तर म्हणाले, बाई, उघडून बघून घ्यायची ना. ज्या माणसाला सहाशे पानांत एक सुटलेला अनुस्वार दिसतो, त्याला डबीत सीडी नाही हे दिसू नये? डबी मी पुसून ठेवली आहे. ती त्यांच्या टेबलावर ठेवून यावं. सोबत चिठ्ठी नको.

पाच. भाड्याची गाणी. फोनवर महिन्याचे पैसे भरून लाखो गाणी ऐकता येतात, ती मी मृत्युपत्रात घालू पाहत होते. वकीलसाहेब म्हणाले, भाड्याच्या घराची वाटणी होत नाही. म्हणजे मी गोळा केलेल्या तीन हजार गाण्यांच्या याद्यांपैकी एकही गाणं माझं नाही. शिंप्याच्या मुलीला याचा धक्का बसायला नको होता. लोकांचे कोट आमच्याकडे महिनोन् महिने टांगलेले असत, ते कुठे आमचे होते?

तरी एक विनंती नवऱ्याला आहे. आपली योजना कुटुंबाची आहे. सहा माणसं एका वर्गणीत, माणशी एका सँडविचपेक्षाही कमी. कंपनीची अट अशी की सहाही जण एका पत्त्यावर राहणारे हवेत. आमच्या यादीत मी, नवरा, भाची, तिचे वडील आणि धाकटी आहोत. एक जागा रिकामी आहे. ते तिघं दोन गल्ल्या सोडून राहतात आणि धाकटी चार वर्षं माझ्याशी बोललेली नाही. कंपनीच्या दप्तरी मात्र आम्ही अजून एकाच घरात नांदतो. तिने बाहेर पडायचं बटण दाबलेलं नाही, मी तिला काढलेलं नाही. भाची सांगते की आई इस्त्री करताना गाणी लावते. ही वर्गणी चुकवू नये. गाण्यांच्या कंपनीला यात गैर वाटलं तर दोष माझा समजावा. मी तेव्हा हाती लागणार नाही.

सहा. आता जी गोष्ट लिहायला मी हा कागद घेतला, ती.

एका गिऱ्हाइकाने कोटाच्या शिलाईऐवजी बाबांना जुना टेपरेकॉर्डर दिला. कॅसेटी घ्यायची ऐपत नव्हती. मग बाबा जुन्या भाषणांच्या कॅसेटी आणत, ज्या कुणालाच नको असत. त्यांच्या कोपऱ्यातली टिकली मोडून पडलेली खाच कागदाच्या बोळ्याने बुजवली की भाषणावर गाणं भरता येतं. रेडिओच्या तोंडाशी टेपरेकॉर्डर ठेवायचा, हवं ते गाणं लागलं की बटण दाबायचं, आणि गाणं संपेपर्यंत घराने गप्प बसायचं. बाबा मशीनवरून पाय काढत. त्यांच्यासाठी चार मिनिटं म्हणजे एक बाही. आई कुकरखालचा गॅस बंद करी. मी बटणावर. आणि धाकटी दारात, ओठांवर बोट ठेवून, येणाऱ्या गिऱ्हाइकांना थोपवायला. तिला या कामाचा एवढा अभिमान होता की ती चपराशासारखी छाती काढून उभी राहायची.

पूर्ण शांत गाणं आम्हाला एकही भरता आलं नाही. बाबांना धीर नसे. शेवटचं कडवं संपत आलं की त्यांचा पाय आपोआप मशीनच्या पॅडलवर जाई आणि मशीन सुरू होई. आईची एक शिंक तर तीन वेगवेगळ्या गाण्यांत आहे. आणि सगळ्यांत मोठा आवाज धाकटीचा. दारात कुणी आलं की ती 'शूऽऽ' करायची, आणि येणाऱ्यापेक्षा तिचा 'शू' मोठा असायचा. बाबा तिला म्हणत, राखणदारच चोर निघाला.

आईबाबा गेल्यावर घर रिकामं केलं तेव्हा अशा चौऱ्याऐंशी कॅसेटी निघाल्या. त्या माझ्याकडे आल्या. धाकटीची चाळिशी जवळ आली होती. मी ठरवलं, या सगळ्या संगणकावर उतरवून तिला द्यायच्या. तीन महिने रोज संध्याकाळी हेडफोन कानाला लावून बसले. आणि बसले ती माझ्या सवयीने बसले. पानावर चूक दिसली की खोडायची, हाच माझा पोटाचा धंदा. शिंक दिसली, खोडली. मशीन खोडलं. कुकरची शिट्टी, निवेदकाचं बोलणं, गिऱ्हाईक, 'शू', सगळं कातरून टाकलं, कातरलेलं ठेवलंही नाही. गाणी अशी स्वच्छ केली की बाबांनी पाहिली असती तर म्हणाले असते, पोरीचा हात बसला. ती मी बोटभर लांबीच्या एका ड्राइव्हवर भरली आणि वाढदिवसाला तिला दिली. घरात जागा नाही म्हणून कॅसेटी त्याच आठवड्यात रद्दीवाल्याला दिल्या. त्याने वजन केलं. मी घासाघीससुद्धा केली.

दोन दिवसांनी ती आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली.

"ताई, गाणी तर कुठेही मिळतात गं," ती म्हणाली. "यातलं आपलं घर कुठे गेलं?"

मी तिला म्हटलं, "अगं, त्या चुका होत्या. काढल्या मी."

तेव्हा मला खरंच वाटत होतं की ती कौतुक करायला आली आहे आणि तिला शब्द सापडत नाहीत. तिने कॅसेटी मागितल्या. मी सांगितलं, दिल्या. ती गेली. जिन्यावरून उतरताना तिने मागे पाहिलं नाही, आणि त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी रद्दीवाल्याकडे धावले. त्याने कॅसेटी गावाबाहेर भाजीचा मळा करणाऱ्या एकाला विकल्या होत्या. तिथे गेले तर वाटाण्याच्या वाफ्यांवर, काठ्यांना बांधून, आमच्या कॅसेटींच्या तपकिरी फिती ताणलेल्या. वाऱ्याने सळसळत होत्या, उन्हात चमकत होत्या. पाखरं हाकलायला हा उपाय नामी आहे, असं तो मला समजावत होता. त्याचं खरं होतं, एकही पाखरू नव्हतं. मी वाफ्यांच्या मधोमध उभी राहून रडले. तो बिचारा घाबरला आणि पोत्यात उरलेल्या अकरा कॅसेटी त्याने मला तशाच दिल्या, वर दोन मुठी वाटाणे.

त्या अकरा माझ्या कपाटात आहेत. परत आणल्यापासून मी त्यांतली एकही वाजवलेली नाही. जुनी फीत एखादे वेळी पहिल्याच फेरीला तुटते, आणि ती फेरी माझी नव्हे. त्यात काय उरलं आहे ते मला माहीत नाही. या कॅसेटी, आणि बाबांचा टेपरेकॉर्डर, धाकटीला. वाजवण्याआधी चाकात पेन्सिल घालून फीत हाताने पुढे-मागे एकदा सैल करून घ्यावी. घाई करू नये.

कुणी विचारेल, चार वर्षं का नाही दिल्या? दिल्या असत्या. पण भाचीच्या हाती मी जे पाठवते ते पुढच्या रविवारी परत येतं. स्वेटर परत आला, पुस्तक परत आलं, एकदा तर मी तिचाच डबा पाठवला तोही परत आला. या परत आल्या असत्या तर मला ते सोसलं नसतं. चौऱ्याऐंशीतल्या अकरा घेऊन तिच्या दारात जायचं धाडसही झालं नाही. हे या कागदात लिहायला सोपं जात आहे, कारण इथे कुणी दार उघडायची वाट पाहावी लागत नाही.

सात. माझ्या अंत्यविधीला गाणं लावू नये. जे लावाल ते गाणं तिथल्या माणसांना जन्मभर नकोसं होईल. त्या गाण्याने कुणाचं काय बिघडवलं आहे?

आठ. अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी. त्यांनी मला या कामात एकच गोष्ट शिकवली: मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार असतं, त्याची साक्ष घेऊ नये. साक्ष दिली तर त्याला ठेवलेलं रद्द होतं. मी दोन दिवस याच्यावर विचार केला आणि मग साक्षीदार ठरवले.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर.
तारीख: येत्या बुधवारची. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांसमक्ष सही करेन.

मृत्युपत्र करणारी: (सही बुधवारी)

पहिला साक्षीदार: आमच्या इमारतीखालचे इस्त्रीवाले. सकाळीच येऊन विचारून गेले, की सही इंग्रजीत करायची का आपल्या भाषेत. आपल्या.

दुसरी साक्षीदार: ही ओळ धाकटीसाठी मोकळी ठेवली आहे.

तू सही केलीस तर कलम सहा रद्द होईल आणि या कागदाने तुला काहीच मिळणार नाही; मग त्या अकरा मला गुरुवारच्या आधी माझ्याच हाताने तुला द्याव्या लागतील. नाही केलीस तर माझ्यामागे सगळं तुझ्या घरी पोहोचेल. निवड सोपी आहे आणि तुला हिशेब माझ्यापेक्षा चांगला कळतो. भाचीने तुला विचारलं तेव्हा तू 'बघू' म्हणालीस, असं तिने सांगितलं. वर म्हणाली, मावशी, आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही'. मला ठाऊक आहे. ती पद्धत आपल्या आईची. म्हणून तू आली नाहीस तर या ओळीवर सही करायला वकिलांच्या टंकलेखिकेला साडेपाचला बोलावून ठेवलं आहे.

तरी पाच वाजता ये. बोलू नकोस. फक्त मी सही करत असताना समोर बस, आणि मला घ्यायचं नाही, असं लिहून दे.