धाकटीचं घर आणि डब्यांवरचे शब्द

मी, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या मागे राहिलेली त्यांची बायको, हे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे, कोणी दबाव टाकलेला नाही. घाई मात्र आहे.

१. राहतं घर धाकट्या मुलीला. वयाने ती बाई झाली, समज लहान मुलाचीच राहिली. ती आहे तोवर घर विकू नये. तिचा कारभार माझ्या नणंदेने पाहावा.

२. स्वयंपाकघरातले डबेही धाकटीचे. त्यांवरच्या इंग्रजी चिठ्ठ्या काढू नयेत. थोरला मुलगा घरी आला की बायकोशी इंग्रजीत बोलायचा आणि आम्ही दोघं मुक्यासारखे बसायचो. म्हणून ह्यांनी शब्दकोश आणला. डब्यावर अवघड शब्द चिकटवायचा, तो म्हटल्याशिवाय डबा मिळायचा नाही. साखरेला ‘मॅग्नॅनिमस’, म्हणजे उदार; मिठाला ‘ऑब्स्टिनेट’, म्हणजे हट्टी. धाकटीला वाचता येत नाही, पण डबे ती त्याच नावांनी मागते. सूनबाईंच्या काचेच्या बरण्या त्यांना परत द्याव्यात.

“पक्कं झालं की थोरल्याला चकित करू,” हे म्हणायचे. त्याआधीच गेले. पुढचे शब्द मी एकटीने चिकटवले.

३. शब्दकोश आणि बँकेतली ठेव थोरल्याला. मागे मी आजारी असताना तो आणि सूनबाई माझ्या खाटेपाशी इंग्रजीत बोलले. पहिल्यांदाच मला एकही शब्द अडला नाही. मी गेले की धाकटीला ‘इन्स्टिट्यूशनलाइझ’ करायचं, म्हणजे संस्थेत ठेवून द्यायचं, आणि घर विकायचं, असं त्यांचं ठरत होतं.

“काय रे म्हणालास?” मी विचारलं.

“काही नाही गं आई, ऑफिसचं.”

तो गेल्यावर शब्दकोश काढला. एखादा मऊ अर्थ असेल म्हणून शोधला. नव्हता.

बाळा, तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होते. लिहवत नाही. बहिणीकडे येत जा, मुक्कामाला ये.

४. नणंद म्हणते, “वहिनी, तोंडावर सांग ना त्याला!” धीर झाला तर सांगेन. नाही झाला तर मी गेल्यावर तिने हा कागद धाकटीला समोर बसवून, मराठीत, मोठ्याने थोरल्याला वाचून दाखवावा.

साक्षीदार सह्या करताना धाकटीही पेन मागू लागली. डॉक्टर तिला म्हणाले, “ज्याला घर मिळतं, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं.”

“मग मी कुठे?” तिने मला विचारलं.

“घरात,” मी म्हटलं.

साक्षीदार : १. शेजारचे शिंपी (सही)
२. आमचे नेहमीचे डॉक्टर (सही)

लिहून देणार : धाकटीची आई (सही)
ठिकाण : राहतं घर
दिनांक : ३ मार्च