ऑपरेशनचा अर्ज

अण्णा,

मी तुम्हाला आणि आईला ती गोष्ट सांगितली तो दिवस पाण्याचा होता. आपल्या इंद्रलोक कॉलनीत तेव्हा दिवसाआड पाणी यायचं, आणि "राहायचं इंद्रलोकात आणि बादल्या मोजायच्या" हा तुमचा विनोद बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यापर्यंत पोचला होता. मी मुद्दामच तो दिवस निवडला होता. आई मोरीत पिंप भरतेय, तुम्ही स्वयंपाकघरातल्या नळाखाली कळशी धरून उभे आहात, खाली पंपाची घरघर चाललीय. एवढ्या गडबडीत सांगितलं तर धक्का जरा कमी बसेल असा माझा हिशोब. "मला मुलं नकोयत, कधीच नकोयत, म्हणून मी ऑपरेशन करून घेणारेय," मी म्हटलं. तुम्ही ओरडून विचारलंत, "कसलं? अपेंडिक्सचं?" मी पुन्हा सांगितलं, या वेळी चांगलं मोठ्यानं, आणि नेमका तेव्हाच पंप बंद पडला. माझं वाक्य खिडकीतून थेट समोरच्या गुजराती बेनच्या गॅलरीत जाऊन पडलं. ती कपडे वाळत घालायची थांबली. मराठी तिला फारसं कळत नसे, पण ऑपरेशन हा शब्द सगळ्या भाषांत सारखाच. "बेटा, सब ठीक है ना?" तिनं विचारलं.  आई मोरीतूनच म्हणाली, "हां हां, अपेंडिक्स है."

त्यानंतर आई माझ्याशी बोलायची बंद झाली. बोलणं म्हणजे, तुमच्यामार्फत बोलत होती. दोन खोल्यांच्या घरात मी तिच्यासमोर ताटावर बसलेय आणि ती तुम्हाला सांगतेय, "तिला म्हणावं, आमटी संपवायचीय." तुम्ही पेपर खाली करून "आमटी संपवायचीय" असं मला इमानदारीत सांगायचात. तुम्ही स्वतः मात्र काहीच बोलत नव्हता. एकदाच, जिन्यात, म्हणालात, "पण तुझं तर अजून लग्नही... म्हणजे मग याची आत्ता..." आणि वाक्य अर्धवट टाकून वर निघून गेलात. चाळीस वर्षं मुलांना 'पूर्ण वाक्यात उत्तरे लिहा' म्हणणारा माणूस.

ते वाक्य मी मनात पूर्ण केलं होतं, आणि त्याचं उत्तरही माझ्याकडे होतं. तोवर सहा स्थळं येऊन गेली होती. प्रत्येक मुलाला मी गॅलरीत नेऊन पहिल्याच पाच मिनिटांत सांगून टाकायचे की मला मूल नको आहे. एकही जण दचकला नाही, हेच तर दुखणं होतं. सगळे हसले. विरारचा तो बँकेतला तर मला समजावत म्हणाला, "सगळ्या आधी असंच म्हणतात हो. लग्नानंतर बदलतं." म्हणजे मी सांगत होते ते त्याला ऐकूच येत नव्हतं. उद्या लग्न झाल्यावर रोज हेच, त्याच्याकडून, त्याच्या आईकडून, वर्षभरानं सगळ्या गावाकडून. मला तो विषय एकदाचा मिटवून टाकायचा होता, लग्नाआधीच, म्हणजे हसायला जागाच उरणार नाही. आणि दिवसभर मी करत काय होते, तर केबिन रोडच्या त्या दुकानात कॉम्प्युटरवर लग्नाच्या पत्रिका आणि बारशाची कार्डं बनवत होते. पाळणा डावीकडे, मोरपीस उजवीकडे. शेठ म्हणायचा, "तुम्हारे हाथ का बारसा एकदम लकी है, पार्टी वापस आती है." वर्षा-दोन वर्षांनी पार्टी खरंच परत यायची, दुसऱ्या बारशाला.

डॉक्टरांचं तुम्हाला मी तेव्हा सगळं सांगितलं नव्हतं. पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, लग्न? नाही. मुलं? नाही. "मग तक्रार काय आहे?" म्हटलं, तक्रार काहीच नाही. "मग आलात कशाला?" हे त्यांनी इतक्या मनापासून विचारलं की मी चक्क सॉरी म्हणून बाहेर आले. मग एका सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या सिस्टर चांगल्या होत्या, त्यांनी फॉर्मच काढला. हयात मुलगे किती, हयात मुली किती, शेवटच्या अपत्याचं वय काय. मी म्हटलं, शून्य, शून्य, आणि शेवटचं काय लिहू? सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "ताई, शून्य टाकलं तर हा फॉर्म वर जातच नाही. आधी एक तरी होऊ द्या, मग या, मी स्वतः करून देते." मूल न होण्यासाठी आधी एक मूल आणायचं होतं. मी रिक्षात बसून घरापर्यंत हसले, आणि घराखाली उतरल्यावर मला रडू आलं.

तिसऱ्या त्या डॉक्टरबाई, मीरा रोडच्या. पिकलेले केस, टेबलावर डबा उघडा, पोळीचा तुकडा हातात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणी फसवलंय? कुणी सांगितलंय? घरात काही त्रास?" मी तिन्हीला नाही म्हटलं. "वय?" अठ्ठावीस. "वर्षानं ये. तेव्हाही हेच म्हणालीस तर बघू." मला वाटतं, त्यांना वाटलं होतं मी येणार नाही. मी वर्षानं त्याच तारखेला गेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, ओळखलं नाही, मग ओळखलं आणि म्हणाल्या, "अगं बाई." मग म्हणाल्या की का करून घ्यायचंय ते स्वतःच्या हातानं लिहून आण, आणि ऑपरेशनच्या दिवशी घरचं एक माणूस बरोबर पाहिजे.

तो अर्ज लिहायला मला दोन रविवार लागले. तीन पानं झाली. ती मी टेबलावर ठेवून आंघोळीला गेले, आणि बाहेर येऊन बघते तर तुम्ही चष्मा लावून बसलेले, हातात लाल पेन. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी ते पेन तुमच्या खिशातून हललं नव्हतं.  मला वाटलं, आता फाडणार. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "अर्ज आहे की निबंध?"

मी ओले केस पुसत टेबलापाशी आले.

"रजेचा अर्ज अर्ध्या पानात बसतो. हे बघ, 'मी लहान मुलांचा द्वेष करत नाही.' हे तुला विचारलंय कुणी? न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं नाही. मार्क जातात." रेघ. "'देशाची लोकसंख्या.' तुला देशाची काळजी कधीपासून?" रेघ. "'आमचे घर लहान आहे.' आमच्या घरात आम्ही नऊ भावंडं वाढलो, ते घर याच्या निम्मं होतं." रेघ. "'नोकरीमुळे वेळ मिळणार नाही.' तू साडेसहाला घरी येतेस." रेघ. मी चिडून म्हटलं, "मग उरलं काय?" तुम्ही कागद माझ्याकडे सरकवलात. "तेच विचारतोय. ही सगळी कारणं दुसऱ्यांना बरं वाटावं म्हणून आहेत. तुझं कुठलंय?"

मला आठवतंय, आई तेव्हा चहाचं भांडं घासत होती आणि ते घासणं मधेच थांबलं. मी उभ्यानंच लिहिलं, 'मला आई व्हायचे नाही, आणि हे मला बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे.' तुम्ही वाचलंत. परत वाचलंत. मग पेनला टोपण लावलंत. "शुद्ध आहे," म्हणालात.

मला वाटलं संपलं. पण तुम्ही उठला नाहीत. आणीबाणीतल्या केसेसची तुमची ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. प्रत्येक गुरुजीनं नसबंदीच्या इतक्या केसेस आणायच्याच, नाहीतर पगार बंद. तुम्ही लांबून येताना दिसलात की वाडीतले सगळे बापे काजूच्या बागेत पळायचे. एका सत्तरीच्या विधुराला तुम्ही मोठ्या मिनतवारीनं तालुक्याला नेलंत, तर डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, यांच्यापासून कुणाला काय धोका आहे?" ही गोष्ट तुम्ही पाहुण्यांना सांगायचात आणि सगळे पोट धरून हसायचे. त्या दिवशी तुम्ही तीच पुन्हा सुरू केलीत, आणि त्या विधुराच्या पुढे गेलात. "एक केस कमी पडत होती," तुम्ही म्हणालात. "मुदत संपायला दोन दिवस. मग ती मीच भरली. तू तेव्हा वर्षाची होतीस."

मी वेड्यासारखी विचारत राहिले, "म्हणजे तुम्ही? म्हणजे तुमचं?" तुम्ही स्वयंपाकघराकडे बघितलंत आणि आवाज खाली आणून म्हणालात, "हिला अजून दोन तरी हवी होती. मलाही हवी होती. मला कुणी का म्हणून विचारलं नाही गं, कागदावर सही घेतली आणि झालं. तुला निदान कारण तरी लिहून मागतायत. तुझा निर्णय मला पटलेला नाही. पण लिहिलंयस ते बरोबर आहे. कधी जायचंय?"

आतून आई म्हणाली, "तिला म्हणावं, त्या दिवशी काही खाऊन जायचं नसतं." ती मला सगळं ऐकू येईल इतक्या मोठ्यानं बोलली होती, पण तुम्ही तरीही सांगितलंत, "काही खाऊन जायचं नसतं."

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, सकाळी गेले आणि संध्याकाळी घरी. त्यातलं मला फार काही आठवत नाही. पण बाहेर काय घडलं ते तुम्ही नंतर इतक्यांदा सांगितलंत की मी तिथेच बसले होते असं वाटतं. नर्सिंग होमच्या बाकावर सगळे होणारे बाप आणि आजोबा, आणि त्यांच्यात तुम्ही, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. शेजारच्या माणसाला मुलगा झाला. तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन सगळ्यांना वाटत तुमच्यापाशी आला आणि म्हणाला, "अंकल, आपका क्या हुआ? लडका या लडकी?" तुम्ही म्हणालात, "लडकी." त्यानं पेढा पुढे केला. "बधाई हो! कितना वजन?" आता खोटं बोलणं तुम्हाला जमायचं नाही. तुम्ही म्हणालात, "वजन मालूम नहीं. उनतीस साल की है." त्या माणसानं बराच वेळ विचार केला आणि तुमच्या हातावर दुसरा पेढा ठेवला.

घरी आले तर आईनं पलंगाला उशा लावून ठेवलेल्या. तिच्यापुढे प्रश्न असा होता की या ऑपरेशननंतर बाईला खायला काय देतात. हे तिला कुणाला विचारता येईना, आणि तिच्या माहितीतलं पोटाचं दुखणं एकच. तिनं डिंकाचे लाडू केले होते. अळिवाची खीर केली होती. रात्री शेपूची भाजी. मूल होऊ नये म्हणून ऑपरेशन करून आलेल्या मुलीचं तिनं पंधरा दिवस यथासांग बाळंतपण केलं. तिसऱ्या दिवशी लाडू हातात देताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुपाचा हात जरा जास्त झालाय का गं?" वर्षभरात तिनं मला सरळ विचारलेला तो पहिला प्रश्न. मी म्हटलं, नाही, बरोबर झालाय. खरं तर तूप बोटांवरून ओघळत होतं.

पुढचं तुम्ही बघून गेलात. माझ्या बायोडाटात तुम्हीच एक ओळ घातलीत, 'मुलीस अपत्य होणार नाही, ही तिची स्वतःची इच्छा आहे', आणि स्थळं यायची बंद झाली. दीड वर्षानं एक फोन आला. एक माणूस विचारत होता, ही ओळ छापताना चुकून पडलीय का? मी म्हटलं, मी छपाईच्याच दुकानात काम करते, आमच्याकडे चुका होत नाहीत. तो म्हणाला, मग भेटू या. आत्ता तो स्वयंपाकघरात आईला भेंडी चिरून देतोय, आणि ती त्याला भेंडी कशी चिरायची ते सांगतेय.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. पश्चात्ताप होईल असं ज्यांनी ज्यांनी सांगितलं होतं ते अधूनमधून भेटतात आणि तो माझ्या चेहऱ्यावर शोधतात. कधीतरी एखाद्या बारशाच्या कार्डावर नाव टाइप करताना चांगलं नाव दिसलं की क्षणभर चुटपूट लागते, नाही असं नाही. मग प्रिंट काढते. हे तुम्हाला समोर सांगायला मला जमलं नसतं, आणि हा कागदही मी कुठे पाठवणार नाहीये. लाल पेनाची भीती नाही म्हणून तीन पानं झाली तरी चालतील.

पण एक सांगायचं राहिलंय. गेल्या महिन्यात गावी जाताना एसटीत शेजारी एक बाई होती. माणगाव सुटल्यावर तिनं विचारलं, "मुलं किती?" या प्रश्नाला मी वीस वर्षं खरं उत्तर देत आलेय, आणि खऱ्या उत्तरानंतर काय काय विचारतात ते मला पाठ आहे. मी दमले होते. म्हटलं, "दोन." मग ती थांबेना आणि मलाही थांबता येईना. मोठी बारावीला, सायन्स. धाकटा आठवीत, त्याला चष्मा लागला, सारखा मोबाइल. ती म्हणाली, सगळीकडे तेच हो. चिपळूणपर्यंत मी धाकट्याला टायफॉइडसुद्धा आणला. तिनं उतरताना पिशवीतून दोन आंबावड्या काढल्या, "दोघांना द्या, मावशीनं दिल्या म्हणावं." मी घेतल्या, अण्णा. आणि पुढच्या स्टँडवर उतरून, बाकावर बसून, दोन्ही मीच खाल्ल्या.