चुलीला अडलेलं पान

अब्बा, आज नेवाशाला जाताना एसटी पुन्हा त्या चर्चवरून गेली आणि मी मान दुसरीकडे वळवली. साठी उलटली माझी, तरी त्या दाराकडे सरळ बघवत नाही. कमान तुम्ही घडवलेली आणि तिच्यातली चूक माझी. हे एकदा सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

लढाईची वर्षं होती, मोठा कागद मिळत नव्हता. पाद्रीसाहेबांनी विलायतेतल्या कुठल्याशा जुन्या चर्चच्या दाराचं तळहाताएवढं चित्र दिलेलं. वर पिंपळपानासारखं टोक, कमानीच्या पोटाला आत वळलेली दगडी पानं, पाठीवर कळ्या. दार जमलं तर मोठी खिडकीही तुम्हीच घडवायची, असं ते म्हणाले होते. तुम्हाला जवळचं बारीक दिसेनासं झालं होतं, म्हणून कोळसा माझ्या हातात दिलात. मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर अर्धी कमान खऱ्या मापानं काढतेय, तुम्ही उकिडवे बसून दोरी धरलीय, आणि अम्मा करवादतेय, "आता भाकरी काय तुमच्या कमानीवर थापू?" शेवटचं पान चुलीला अडलं. चूल काही हलणार नव्हती, मी पानच आखूड केलं.

"ह्ये असं का गं?" तुम्ही त्यावर बोट ठेवून विचारलंत.

"चित्रात तसंच हाय, अब्बा."

तुम्ही मानलंत. त्या रेघांवरून डब्याच्या पत्र्याचा फर्मा कापलात, तोच उलटा ठेवून दुसरी बाजूही घडवलीत. काळा दगड, चार महिने. कमान चढली तेव्हा दोन्हीकडचं खालचं पान सारखंच आखूड. पाद्रीसाहेब चित्र हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. "मिस्त्री, तुम्ही तुमच्या मनाचं केलंत," ते म्हणाले. मी तिथंच उभी होते, तुमची भाकरी घेऊन. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणालात, "माजी नजर चुकली, सायेब." मोठ्या खिडकीचं काम मग पुण्याच्या कारागिराला गेलं आणि तुम्ही रस्त्यावर खडी फोडायला लागलात. त्या खडीचा आवाज मला अजून नको वाटतो.

तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, हे पत्र मी कुठं टाकणार? लिहिते, खोडते, परत लिहिते. माराला भ्याले, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे, तुम्ही मला कधी बोट लावलं नाहीत. चूक कबूल केली असती, तर पुढचं चित्र तुम्ही दुसऱ्या कुणाला काढायला दिलं असतं. मला ती खिडकी स्वतः काढायची होती, अब्बा, म्हणून गप्प बसले.