डाव्या बुटाचा ताबा

मी, आयली लेहतोनेन, वय एकोणऐंशी, निवृत्त शाळाबसचालक, राहणार थंडर बे, ऑन्टारिओ, हे मृत्युपत्र स्वखुशीने करते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो माझा मुलगा आर्व्हो याला दोनदा वाचून दाखवावा.

१. माझी होडी सूनबाई डेनीसला. घटस्फोटानंतर ती माझी सून नाही असे कोर्ट म्हणते. कोर्टाने तिच्या हातचा ब्लूबेरी केक खाल्लेला नाही. आर्व्होने ही होडी दोनदा बुडवली आहे. त्याने वल्ह्याला हात लावू नये.

२. आर्व्होला वडिलांची कुऱ्हाड. अंगणातल्या वाफेच्या खोलीची, म्हणजे आमच्या सौनाची, लाकडे त्यानेच फोडावीत. राग तिथे काढावा.

३. माझी नातवंडे मायसी आणि ओटो एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे असतात. दर रविवारी सहाला पेट्रोलपंपावर या गाडीतून त्या गाडीत. कोर्टाच्या कागदात याला 'ताबा' म्हणतात. गेल्या जानेवारीत सहा वर्षांचा ओटो एका पायात बूट, दुसऱ्यात सपात घालून माझ्याकडे आला.

"अरे, डावा बूट कुठाय?"

"आई म्हणते बाबाकडे, बाबा म्हणतो आईकडे. आजी, मग मी कुणाकडे राहतो गं?"

मला रडू फुटले. तोच म्हणाला, "रडू नको, उजवा आहे ना!"

बूट माझ्याच सौनाच्या बाकाखाली निघाला. आदल्या शनिवारी पेंगुळलेल्या पोराला मीच गोधडीत गुंडाळून गाडीत ठेवले होते. त्याच्या आईबापांची मी माफी मागितली नाही, ती इथे मागते.

४. सबब, हे घर सौनासह मायसी व ओटोच्या नावे. ती सज्ञान होईपर्यंत शेजारीण बर्निस विश्वस्त. मुले इथेच राहतील. आईबापांनी पाळीपाळीने यावे, आपापली बॅग उचलून. जड वाटल्यास मायसीला विचारावे; ती नऊ वर्षांची आहे आणि दर रविवारी उचलते. सौनात आवाज चढवायचा नाही ही आमची रीत यापुढे अख्ख्या घराला लागू.

या कलमाचा कच्चा मसुदा वाचून दाखवताच आर्व्हो आणि डेनीस एकदम म्हणाले, "आई, हे चालायचं नाही!" दोन वर्षांत त्यांचे पहिल्यांदाच एकमत झाले. म्हणजे चालेल.

कोर्टाने मुलांचा ताबा आईबापांत वाटला. आईबापांचा ताबा मी मुलांना देत आहे.

सही: आयली लेहतोनेन
साक्षीदार: फर्न होलोवे, रॉय काल्लिओ
थंडर बे, ९ मार्च २०१९

ता. क. खालचा चिखल म्हणजे ओटोच्या डाव्या बुटाचा ठसा. साक्ष म्हणून धरता येत नसेल तर धरू नये, पण पुसू नये.