मी रचलेले अपशकुन

कापडणे, जि. धुळे
मंगळवार

प्रिय ममता,

हे पत्र तुझ्या लॅबच्या पत्त्यावर पाठवते आहे, घरच्या नाही. फोन केला असता, पण फोनवर तू "सगळं छान आहे" एवढंच म्हणतेस आणि लगेच छोट्या मनूला बोलायला देतेस. अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून माझा हात बसलेला आहे, तेव्हा लिहिण्याची अडचण नाही. तुझ्याकडे चार दिवस राहून आल्यापासून मला एक प्रश्न खातो आहे, आणि तो विचारायच्या आधी मला माझं एक जुनं खोटं कबूल करायचं आहे. अडचण ती आहे.

कॉलेजात अंधश्रद्धेवर भाषण करून तू ढाल आणली होतीस, आठवतं? त्यात माझी गंमत सांगितली होतीस. आमची माय आडव्या गेलेल्या मांजराला दूध घालते, शनिवारी खुशाल तेल आणते, निघताना कुणी शिंकलं तर त्याला सुंठ देते, आणि हीच बाई दिवेलागणीला बांगड्या काढून ठेवते, का तर काच वाजली की लक्ष्मी दारातून परत फिरते. सगळा हॉल हसला म्हणालीस. मीही हसले. दुसऱ्या बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी बांगड्यांना जपतात आणि आपली माय रोज उतरवते, याचं तुला मोठं नवल वाटायचं. बेटा, असा अपशकुन कुठेच नाही. तो मी रचला.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुझ्या आबांनी माझं मनगट पिरगाळलं. भाकरी एका बाजूने करपली होती, एवढंच कारण. बांगड्या फुटल्या आणि काचा मांसात शिरल्या. धुळ्याच्या डॉक्टरांनी चिमट्याने सात तुकडे काढून ट्रेमध्ये ठेवले. मी पडले म्हणून सांगितलं, त्यांनीही पडली असंच लिहिलं. कापसाच्या जिनिंगमधून सुटून आबा घरी यायचे ती दिवेलागणीची वेळ. त्या दिवसापासून त्याच्या आधी बांगड्या डब्यात. त्याने मार चुकत नव्हता, फक्त काच चुकत होती.

वरवंटा मी धान्याच्या कोठीत लपवायचे आणि तुला सांगायचे, तो उघड्यावर राहिला तर घरात आजार येतो. एकदा तो उघड्यावर होता आणि आबांनी तो उचलून फेकला. माझ्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं, त्या हाताने अजून मला भरला हंडा उचलता येत नाही. घरात वेणी सोडायची नाही, अंबाडा घट्ट बांधायचा, मोकळी वेणी सापाला बोलावते, हेही माझंच. साप कसला आलाय. वेणी मुठीत गुंडाळून त्यांनी मला ओट्यावरून गोठ्यापर्यंत फरफटत नेलं होतं. केसांबरोबर कातडी निघाली. शेजारची भागाबाई तिच्या दारात सूप घेऊन पाखडत बसली होती, तिने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी हळद आणि तेल घेऊन आली आणि म्हणाली, "बठ्ठासना घरमा असंच शे, माय." बाई वाईट नव्हती. सगळ्यांच्या म्हणजे तिच्याही घरी तसंच होतं.

तुझ्या आधी एक मूल होतं. सहाव्या महिन्यात आबांनी पोटावर लाथ घातली. एक नाही, तीन. पहिली रागाने, पुढच्या दोन मी ओरडले म्हणून. मी मोरीत जाऊन बसले आणि तिथेच मोकळी झाले. मुलगा होता. गावाला मी सांगितलं की ग्रहणात भाजी चिरली. सगळ्यांनी लगेच माना हलवल्या. लाथेवर कुणी विश्वास ठेवला नसता, ग्रहणावर सगळ्यांनी ठेवला. तुझ्या आजीने तर महिनाभर मला विळीला हात लावू दिला नाही, आणि तिने स्वतः दारातून सगळं पाहिलं होतं. तेव्हा मला समजलं की माणसांना अपशकुन दिला की ती पुढचं विचारत नाहीत. तू मोठी होऊन विचारायला लागलीस तेव्हा तुलाही तेच देत गेले. याची मला आता लाज वाटते.

तू पाच वर्षांची झालीस आणि आबांना लकवा झाला. तुझ्या आठवणीतले आबा म्हणजे खाटेवर बसून तुझी पाटी बघणारा, तोंड वाकडं झालेला गरीब माणूस. तेही खरेच होते, आणि तुझ्याकडून ते हिरावून घ्यायचे नव्हते मला. पण ज्या दिवशी त्यांचा उजवा हात पडला, त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. पाप लागायचं तर लागो. सतरा वर्षं त्यांना घास भरवले आणि सतरा वर्षं दिवेलागणीला बांगड्या काढल्या. तो हात आता माशीही मारू शकत नाही, हे डोळ्यांना दिसत होतं, तरी काढल्या. एखाद्या दिवशी विसरले तर त्यांना भरवता भरवता उठून काढायचे. आधी तो माझा नेम होता, त्याला कारण होतं. कारण गेलं, नेम तेवढा राहिला, आणि मग मात्र ती खरीच अंधश्रद्धा झाली. एवढं तुझ्या भाषणात नव्हतं बरं का.

या आखाजीच्या सणाला तू आली नाहीस. लॅबमध्ये सुट्टी नाही म्हणालीस. लेक आखाजीला माहेरी नाही म्हटल्यावर गावाने विचारून विचारून जीव खाल्ला, म्हणून मीच सांजोऱ्यांचा डबा घेऊन जळगावला आले. पहिल्या संध्याकाळी तू बांगड्या काढल्यास, अंबाडा बांधलास, वरवंटा गव्हाच्या डब्यामागे सरकवलास. मला हसूच आलं. एवढी भाषणं देऊन पोरगी शेवटी आईवरच गेली म्हटलं. ज्ञानेश्वररावही हसले, तुमच्या लेकीला हे खूळ कुठून लागलं ते आता कळलं म्हणाले. दोन दिवस रजा काढून घरी थांबले, केळीचे वेफर्स आणले, वाकून पाया पडले. मी निश्चिंत झोपले.

तिसऱ्या दिवशी ते कामावर गेले. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल वाजली. मनू खाली बसून चित्र रंगवत होती. तू काही बोलायच्या आत पोर उठली, चपला घातल्या, वाटी घेतली आणि समोरच्या इंदिराबाईंकडे विरजण मागायला गेली. तू नुसती मान हलवलीस. नंतर मी फ्रिज उघडला तर दह्याचं पातेलं काठोकाठ भरलेलं. चौथ्या दिवशी तीच मोटारसायकल आणि तीच वाटी. मी इंदिराबाईंना जाऊन विचारलं. रोजच येते, आवाज थांबला की पाठवतो, असं त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता दार लोटून घेतलं.

ममता, बांगड्या, अंबाडा, वरवंटा हे तू माझं पाहून उचललंस, असं मी अजूनही म्हणू शकते. विरजणाची वाटी मी तुला दिलेली नाही. मला ते कधी सुचलंच नाही. ती तुझी तू शोधलीस, आणि पाच वर्षांच्या पोरीला ती न सांगता कळते. खरंच काही आहे का, असं विचारायला मी हे पत्र लिहायला बसले होते. आता विचारत नाही. सोमवारी पहिल्या एसटीने निघते आहे, अकरा वाजता तुझ्या लॅबसमोरच्या रसवंतीपाशी उभी असेन. मनूला बरोबर आण, तुझी सर्टिफिकिटं आण, बाकी सगळं राहू दे. पोलिसांत जायचं का ते आपण बसून ठरवू, जायचं ठरलं तर मी पुढे बोलेन. गावाची चिंता करू नकोस, यावेळी गावाला मी खरं तेच सांगणार आहे. आबांच्या हाताला लकवा होईपर्यंत मी आठ वर्षं काढली, बेटा. तू एक दिवसही काढू नकोस.

तुझीच,
माय